आधी परतीची गाडी बघा

संध्याकाळचे पावणेपाच वाजलेत. ज्या वक्त्याला ऐकायला म्हणून माणसं लांबून आली, तो आत्ता कुठे माइकपाशी उभा राहिलाय, कारण सकाळचं उद्घाटनच दीड तास उशिरा सुरू झालं. आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या रांगांमधून खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागतात. बायका पदर खोचतात, चष्मा पर्समध्ये टाकतात, पुस्तकांची पिशवी खांद्याला अडकवतात आणि कुणाच्या आड येऊ नये म्हणून वाकून बाहेर पडतात. व्यासपीठावरून सूचना येते, "रसिकांनी कृपया जागा सोडू नये." अहो, साडेपाचची गाडी चुकली तर पुढची सकाळी सहाला आहे.

त्या वाकून बाहेर पडणाऱ्यांत मीही असते. लातूरहून आसपासच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं एसटीनं अपडाऊन केलं. नोकरी संपली तशी तेवढ्याच आवडीनं साहित्य संमेलनं करू लागले, आणि तीही एसटीनंच. विभागीय म्हणा, जिल्ह्याचं म्हणा, एखाद्या गावच्या वाचनालयानं भरवलेलं एका दिवसाचं म्हणा, बहुतेक ठिकाणी पोचले. काही ठिकाणी पोचले पण परतता आलं नाही, तेही सांगते. दर हिवाळ्यात मला फोन येतात, "बाई, तिकडं जायला गाडी कशी आहे?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, जायची गाडी शोधत बसू नका. जायला काहीतरी मिळतंच. आधी परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारा आणि तिथून मागं मोजत या. शेवटची गाडी साडेपाचला असेल तर ती आपली नाहीच. आपली तिच्या आधीची. शेवटची गाडी रद्द झाली तर हातात काही उरत नाही. तिच्या आधीची रद्द झाली तर शेवटची उरते. एवढं एक गणित पाळलं तर निम्मी धावपळ वाचते.

हे न पाळल्यामुळे एकदा काय झालं ते ऐका. एका तालुक्याच्या गावी (नाव घेत नाही, माणसं प्रेमळ होती) रविवारी संमेलन होतं. मी शुक्रवारी स्टँडवर फोन करून विचारलं, परतीला सहा वाजता गाडी आहे का? आहे म्हणाले. रविवारी पावणेसहाला फलाटावर जाऊन उभी राहिले. सहा झाले, सव्वासहा झाले. शेजारी पेरूची टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, "मास्तरीणबाई, ती शाळेची गाडी हाय. आज आईतवार." झालं! एकतीस वर्षं शाळेत काढून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी असतात आणि सुट्टीच्या दिवशी त्या बंद असतात. संमेलनं मात्र नेमकी शनिवार-रविवारी. म्हणून विचारताना "सहाची गाडी आहे का" असं विचारू नका, "रविवारी सहाची गाडी आहे का" असं विचारा. त्या रात्री मी त्या पेरूवाल्या बाईच्या घरी जेवले आणि तिच्याच अंथरुणावर झोपले. ती तिकडची सर्वांत चांगली आठवण आहे, पण दर वेळी पेरूवाली भेटेलच असं नाही.

दुसरं म्हणजे डिसेंबर-जानेवारी हा संमेलनांचा मोसम आणि तोच शाळांच्या सहलींचा. सहलीला पोरं एसटी ठरवून नेतात. डेपोतल्या गाड्या तिकडं गेल्या की रोजच्या फेऱ्यांना ओढ बसते, आणि आधी कात्री लागते ती गर्दी नसलेल्या फेरीला. यात्रा असली, मोठी एकादशी असली, लग्नाची दाट तीथ असली तरी तेच. तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारणं आलंच. भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकावर जाऊ नका. ते कधी रंगवलंय हे त्यावर लिहिलेलं नसतं. चौकशीच्या खिडकीपेक्षाही खात्रीचा माणूस म्हणजे त्याच मार्गावरून नुकताच आलेला कंडक्टर. त्याला चहाच्या टपरीवर गाठा. तो नुसती वेळ सांगत नाही, "ती असते, पण भरून येते, मागच्या थांब्यावर चढा" हेही सांगतो.

संमेलन अगदी खेड्यात असलं तर आणखी एक मेख आहे. खेड्याचं वेळापत्रक हे खेड्यातल्या माणसासाठी बांधलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. मुक्कामी गाडी रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, पहाटे ती गावकऱ्यांना घेऊन तालुक्याला जाते. दिवसभर कोर्ट, बाजार, दवाखाना उरकून माणसं संध्याकाळी परत येतात. आपल्याला हवं असतं याच्या नेमकं उलटं: सकाळी गावात जायचं आणि संध्याकाळी गावातून निघायचं. सकाळी गाड्या गावातून बाहेर पडत असतात आणि आपण तालुक्याच्या स्टँडवर बोर्ड वाचत उभे! मग गर्दीच्या वेळी गाडीच नाही म्हणून आपण एसटीच्या नावानं बोटं मोडतो. यावर माझा उपाय म्हणजे आदल्या रात्रीच्या मुक्कामी गाडीनं जायचं. गाडी गावात शिरते तेव्हा मांडवाचे बांबू अजून ठोकत असतात, पोरं कनातीला दोऱ्या बांधत असतात, आचारी कांदे चिरत बसलेले असतात. रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं. दुसऱ्या दिवशी ग्रंथदिंडी निघते तेव्हा आपण अंघोळ करून तयार, आणि शहरातून आलेली मंडळी अजून फाट्यावर. दिवसभर ऐकायचं, दुसरी रात्रही तिथंच काढायची आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच गाडीनं निघायचं. दोन रात्री जातात खऱ्या, पण रात्रीचं कविसंमेलन पूर्ण ऐकायला मिळतं. ज्यांना दोन रात्री घर सोडता येत नाही त्यांनी सरळ दुपारच्या जेवणापर्यंतचं संमेलन आपलं मानावं आणि तीनची गाडी धरावी. अर्धं संमेलन निवांत ऐकलेलं बरं. पूर्ण ऐकायचं म्हणून घड्याळाकडं बघत बसलं तर ना वक्ता डोक्यात शिरतो ना गाडी मिळते.

गाडीवरची पाटी वाचताना गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात "मार्गे" लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. उदगीरला जाणारी गाडी कुठून जाते, नांदेडची अहमदपूरवरून जाते की आणखी कुठून वळसा घेते, यावर तासाभराचा फरक पडतो. "जलद" लिहिलेली गाडी तुमच्या फाट्यावर थांबेलच असं नाही. चढण्याआधी कंडक्टरला विचारायचं, तिकीट फाडल्यावर नाही. विनावाहक गाडीत तर मध्ये उतरायची सोयच नसते.

आता रेल्वे. रेल्वेनं येणाऱ्यांना एकच सांगणं: स्टेशनच्या नावाला भुलू नका. नावापुढं "रोड" लागलं की समजायचं, गाव तिथं नाही, गावाला जायचा रस्ता तिथं आहे. आमचं लातूर रोड हे त्याचं ठळक उदाहरण. ते चाकूरजवळचं जंक्शन आहे, लातूर शहरापासून तीसेक किलोमीटरवर. हैदराबादकडून आलेले एक कवी पहाटे तिथं उतरले. अंगावर शाल, हातात स्वतःच्या कवितासंग्रहाच्या पंचवीस प्रती. त्यांनी बाहेर येऊन रिक्षावाल्याला "मांडवात सोड" म्हणून सांगितलं, तर तो विचारतो, "कुणाच्या लग्नाच्या?" नाशिक रोड शहरापासून आठ-नऊ किलोमीटर आहे, पण तिथं रात्रंदिवस वाहनं मिळतात. सावंतवाडी रोड, राजापूर रोड ही स्टेशनं गावापासून दूर आहेत आणि रात्रीच्या गाडीनं उतरलात तर बाहेर सुनसान. "रोड" नसलेलीही फसवतात: साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, धाराशिवचं शहराबाहेर. यवतमाळला २०१९ साली ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा मुंबई-पुण्याची मंडळी रेल्वेनं धामणगावला उतरून पुढं रस्त्यानं गेली. याउलट अमळनेरला, जिथं २०२४ साली ९७वं भरलं, सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी थेट गावात सोडते. तेव्हा गावाचं नाव ऐकल्याबरोबर तिकीट काढू नका. त्या गावचा एक माणूस गाठा आणि त्याला एवढंच विचारा, "तुम्ही स्वतः कुठं उतरता?"

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच सुरू होतं, पूर्वी १२० दिवस मिळायचे. नोव्हेंबर २०२४ पासूनचा हा बदल खरं तर संमेलनवाल्यांच्या पथ्यावर पडायला हवा, कारण आपल्याकडं चार महिने आधी तारीख कुणाला माहीत असते? पण विभागीय संमेलनाची तारीख कित्येकदा महिनाभर आधी ठरते, आणि मग तत्काळची रांग. ज्येष्ठांना रेल्वेत मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही. खालच्या बर्थची सोय तेवढी आहे. तिकीट काढताना वय खरं लिहा म्हणजे झालं. माझ्या एका मैत्रिणीनं संकोचानं वय कमी लिहिलं आणि रात्रभर वरच्या बर्थवर चढ-उतर केली.

एसटीत मात्र सवलती आहेत आणि त्या घ्यायला लाजू नका. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या सगळ्यांना अर्धं. पंच्याहत्तरीनंतर ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण मोफत. मी बाई म्हणून अर्ध्याची धनीण आणि ज्येष्ठ म्हणूनही अर्ध्याची. दोन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही, हे मी कंडक्टरला विचारून पाहिलंय. आधार कार्ड मूळच ठेवा हाताशी. मोफत असलं तरी तिकीट मागून घ्या, आणि राज्याची हद्द ओलांडून जाणार असाल तर पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं हे लक्षात असू द्या. सीमाभागातल्या संमेलनांना जाणाऱ्यांची तिथं हमखास कंडक्टरशी हुज्जत होते आणि त्यात कंडक्टरची काही चूक नसते. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरी अर्ध्या तिकिटात संमेलन पदरात पडतं.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, कुणाच्या तरी गाडीत बसून जा. गेलेय मीही. दुसऱ्याच्या गाडीत गेलं की संमेलन त्याचं होतं. त्याला कंटाळा आला की आपण निघायचं, त्याला व्यासपीठावर बोलावलं की आपण थांबायचं, आणि वाटेत ज्या ढाब्यावर त्याला जेवायचं तिथं आपण पोट भरल्याचं नाटक करायचं. एसटीत आपण कुणाचे मिंधे नसतो. शिवाय वीस-पंचवीस जण एका गावचे असाल तर एकमेकांशी बोला. चाळीसेक माणसं जमली तर डेपोतून अख्खी गाडी प्रासंगिक करारावर मिळते, लग्नाला घेतात तशीच. वाचनालयांनी हे करून बघावं. गाडी तुमची, निघायची वेळ तुमची, आणि परतीच्या वाटेवर कोण किती वाईट बोललं याची चर्चा मोकळेपणानं करता येते, जी संमेलनाइतकीच महत्त्वाची असते.

पुस्तकांचं ओझं हा वेगळाच विषय. जाताना पिशवी रिकामी आणि येताना नऊ किलो. पुस्तकांच्या दुकानांतून मिळणाऱ्या पातळ पिशवीचे बंद स्टँडवर पोचायच्या आत तुटतात आणि मग चरित्रं, कथासंग्रह, पाककृती सगळं फलाटावर पसरतं. घरून जाड मांजरपाटाची पिशवी न्या, दोन खांद्यांना दोन, म्हणजे तोल राहतो. पुस्तकं शेवटच्या तासाला घ्या, पण आवडलेलं पहिल्याच दिवशी बघून ठेवा. फारच झाली तर पोस्टानं पाठवा. मे २०२५ पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केलंय, त्यात पाच किलोपर्यंतचं गाठोडं शंभर रुपये अधिक करात जातं. पोचायला दिवस लागतात, पण पुस्तकाला कुठं घाई असते.

रात्र काढायची वेळ आलीच तर "बघू, सोय होईल" यावर विसंबू नका. निवासाच्या यादीत आपलं नाव आहे का, बायकांची खोली वेगळी आहे का, हे फोनवर विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्या. एक चादर आणि एक छोटं कुलूप सोबत असू द्या. स्टँडवर थांबावं लागलं तर वाहतूक नियंत्रकाच्या खोलीसमोर, दिव्याखाली बसा. तिथं रात्रभर कुणी ना कुणी कंडक्टर हिशेब द्यायला येत असतो. अंगावर पिणारं मूल असेल तर हिरकणी कक्ष कुठं आहे ते विचारा. कधी कधी त्याला कुलूप असतं, तर किल्ली मागा; ती आपल्यासाठीच आहे.

उदगीरच्या ९५व्या संमेलनाला मी कशी गेले ते सांगायचं राहिलं. एप्रिल २०२२. एसटीचा संप सहा महिने चाललेला. संपकऱ्यांनी २२ एप्रिलपर्यंत कामावर यावं असं उच्च न्यायालयानं सांगितलेलं, आणि संमेलनही त्याच २२ तारखेला सुरू होत होतं. लातूरचा स्टँड इतका शांत मी आयुष्यात पाहिला नव्हता. फलाटावर कुत्री झोपलेली. शेवटी काळीपिवळीत अकरावी सवारी म्हणून बसले. ड्रायव्हरच्या आणि माझ्या मध्ये गिअरचा दांडा, मागं बोकड. पासष्ट किलोमीटरला अडीच तास लागले, कारण जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि रिकामी झाली की पुन्हा भरायला थांबते. पोचले तेव्हा अंगाला बोकडाचा वास येत होता आणि मांडवात पंखे कमी होते. त्या सहा महिन्यांत माझ्यासारख्या किती जणी कुठंच गेल्या नसतील. म्हणून उशिरा येणाऱ्या गाडीला शिव्या देताना मी जरा हात आखडता घेते.

आता दोन शब्द भरवणाऱ्यांना. तुमच्या निमंत्रणपत्रिका मी जपून ठेवते. कागद गुळगुळीत असतो, स्वागताध्यक्षांचा फोटो रंगीत असतो, वाहनतळाचा नकाशाही असतो: चारचाकी इकडे, दुचाकी तिकडे. एसटी स्टँडपासून मांडव किती लांब, शेवटची गाडी कुठल्या दिशेला किती वाजता, ही ओळ मात्र माझ्या गठ्ठ्यातल्या एकाही पत्रिकेवर नाही. मांडवात बसलेल्यांपैकी चारचाकीनं किती जण आले होते हे एकदा हात वर करायला लावून बघा. दिल्लीच्या ९८व्या संमेलनाला २०२५ मध्ये पुण्याहून खास रेल्वेगाडी सुटली, डब्याडब्यांत कविता झाल्या, चांगलंच झालं. तुमच्या गावाला कुणी रेल्वे सोडणार नाही, पण आगार व्यवस्थापकांना पंधरा दिवस आधी एक अर्ज दिलात, अंदाजे किती माणसं आणि किती वाजता सुटतील हे लिहिलंत, तर संध्याकाळी जादा गाडी मिळू शकते. साधा अर्ज, खाली सही-शिक्का. आमदारांची ओळख लागत नाही. जागा निवडतानाही स्टँड ध्यानात धरा. साताऱ्यात २०२६च्या जानेवारीत ९९वं संमेलन शाहू स्टेडियममध्ये झालं, एसटी स्टँडच्या शेजारीच. गाडीतून उतरायचं आणि चालत मांडवात. याहून मोठी सोय नाही. आणि मांडव गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात असेल, तर सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी चार ते सहा स्टँडवर एक टमटम उभी ठेवा, काचेवर संमेलनाचं नाव चिकटवून.

कार्यक्रमाचंही बघा. ज्या परिसंवादावर तुमचा जीव आहे तो दुपारच्या जेवणाआधी ठेवा. स्त्रियांच्या प्रश्नांवरचं सत्र तर संध्याकाळी सहाला मुळीच ठेवू नका. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या सगळ्या तोवर स्टँडवर असतात आणि पुरुष मंडळी एकमेकांना समजावत बसतात. उद्घाटन वेळेवर सुरू करा. पाहुणे यायचे असतील तर येतील. सूत्रसंचालकाच्या हातात गाड्यांच्या वेळांचा कागद द्या आणि त्याला मधून मधून सांगू द्या, "निलंग्याकडे जाणारी गाडी पंचवीस मिनिटांनी आहे." मांडव पाच वेळा उठण्यापेक्षा एकदा उठलेला बरा.

यंदा जवळच्या एका गावचं एका दिवसाचं संमेलन मी धरून ठेवलंय. शनिवारी रात्रीच्या मुक्कामी गाडीचं पक्कं केलंय, दोन्ही पिशव्या धुऊन वाळत घातल्यात. कंडक्टर माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याला विचारलं, परतीला सोमवारी पहाटे किती वाजता? म्हणाला, "साडेपाच. पण बाई, तुम्ही पाचलाच या, खिडकीची जागा धरायला पिशवी टाकून ठेवा."